चार तारांचा लिलाव

मित्रहो, सुरुवातीलाच एक खुलासा. बेस गिटार म्हणजे ‘जरा मोठी गिटार’ नव्हे. गॅदरिंगच्या स्टेजवर ड्रमरच्या बाजूला, अंधारात, जो एक अबोल प्राणी उभा असतो आणि ज्याच्याकडे व्हिडिओवाल्याचा कॅमेरा चुकूनही वळत नाही, त्याच्या गळ्यात असते ती बेस. सहाऐवजी चार तारा, त्याही जाडजूड. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. जुन्या ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण १०० हर्ट्झची असते, बेस तिच्याही बरीच खाली. त्यामुळे ती कानाच्या आधी पोटाला कळते. वाजत असते तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, थांबली की गाणं पोकळ वाटायला लागतं. पंचमदांच्या गाण्यांतून टोनी वाझ यांची बेस मनातल्या मनात वगळून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. गेली तीन वर्षं आपल्या बँडमधला तो अबोल प्राणी मी आहे, म्हणून हे तोंड उघडणं.

निमित्त असं की संगीत मंडळाची बेस यंदा निकालात निघाली. नेक वाकली आहे आणि ती सरळ करायचा जो ट्रस रॉड असतो, त्याचे आटे गेलेत. मंडळाच्या खात्यात वर्गणी आणि फेस्टच्या बक्षिसाचे मिळून चाळीस हजार रुपये आहेत. ते कसे खर्चायचे यावरून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, साधी बेस घ्या आणि उरलेल्या पैशांत बरा ॲम्प्लिफायर आणा. दुसरा तट म्हणतो, आणखी वर्गणी काढू, माजी विद्यार्थ्यांना गळ घालू, पण परदेशातल्या ऑनलाइन लिलावातून सत्तरच्या दशकातली ‘व्हिंटेज’ बेसच मागवू. एकदाच घेऊ, पण खरी घेऊ! माझे दोन्ही रूममेट या दुसऱ्या तटात आहेत आणि आमच्या रूमवर सध्या अबोला चालू आहे. मी पहिल्या तटाचा. का, ते सांगतो.

ही वस्तू मुळात कुणी आणि कशासाठी बनवली ते बघा. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ साली त्याने ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. तोपर्यंत बेसवाले बहुतेक जण माणसाहून उंच डबल बेस पाठीवर घेऊन हिंडायचे आणि तिला पडदे नसल्यामुळे सूर बोटांच्या अंदाजाने लावायचे. फेंडरने पडदे बसवले, सूर नेमका लागायला लागला, म्हणून नाव प्रिसिजन. नेक त्याने सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवली. कारण सोपं. खराब झाली तर काढा, दुसरी लावा, पुढे चला. मेकॅनिकलवाल्यांना इंटरचेंजेबल पार्ट्सचा धडा आठवेल. थोडक्यात, ही वस्तू देव्हाऱ्यात ठेवायला बनवलेलीच नव्हती. रोज राबवायची, मोडली तर दुरुस्त करायची, असाच तिचा जन्म.

आणि लिलावात काय चाललंय? मूळचा स्क्रू असेल तर भाव चढा, बदललेला असेल तर उतरता. पिकअपवर क्रोमचं एक झाकण यायचं. वाजवणारे त्याला ‘ॲशट्रे’ म्हणायचे आणि हाताला अडतं म्हणून काढून ठेवायचे. आता ते झाकण स्वतंत्र विकलं जातं. काही विक्रेते तर अख्खी जुनी गिटार खोलून तिचे सुटे भाग विकतात, कारण सुट्यांची बेरीज अख्खीपेक्षा जास्त येते. वाजणारं वाद्य मोडून त्याचं भंगार महाग विकायचं! जुन्या बाजारातला भंगारवालासुद्धा असं करताना दोनदा विचार करेल.

आता ‘व्हिंटेज’ या शब्दाची गंमत. १९६५ साली सीबीएस या बड्या कंपनीने फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. त्याआधीच्या मालाला ‘प्री-सीबीएस’ म्हणतात आणि खरा दबदबा त्याचा. सीबीएसच्या काळात काम घसरलं असं वाजवणारेच म्हणायचे. जॅझ बेसची नेक सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून चारऐवजी तीन स्क्रूंवर आली, आणि ती सांध्यात हलते अशी तक्रार तेव्हापासूनची आहे. शेवटी १९८५ मध्ये कंपनीतल्याच लोकांनी ती सीबीएसकडून १ कोटी २५ लाखांना सोडवून घेतली. म्हणजे वीस वर्षांत अख्ख्या कंपनीची किंमत पाच लाख डॉलरने उतरली, आणि ज्या वर्षांत ती उतरली त्या वर्षांतल्या बेस आता ‘व्हिंटेज’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जातात. त्यांच्यात काय बदललं? काही नाही. फक्त कॅलेंडर.

दुसरा लाडका शब्द ‘लॉसूट’. सत्तरच्या दशकात जपानी कारखाने अमेरिकन गिटारींच्या हुबेहूब नकला करायचे. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने, नॉर्लिनने, आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला. वाद होता गिटारीच्या माथ्याच्या आकाराचा. पुढच्या वर्षी कोर्टाबाहेर तडजोड झाली, विषय संपला. पण आज त्या काळातली कुठलीही जपानी नक्कल ‘लॉसूट’ म्हणून लिलावात येते. फेंडरची नक्कल असलेली बेससुद्धा! अरे बाबा, दावा गिब्सनवाल्यांनी लावला होता, फेंडरचा त्यात काय संबंध? कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरला की त्याला हापूसचा भाव येतो, त्यातलाच हा प्रकार. आंबा वाईट नसतो, त्या जपानी बेसही वाईट नाहीत, काही तर उत्तमच आहेत. पण पैसे आपण पेटीवरच्या अक्षरांचे मोजतो.

‘पण आवाज, राव, आवाज!’ इति माझे रूममेट. ठीक, आवाजाचं बघू. तार पोलादाची किंवा निकेलची, तिच्याखाली चुंबक, चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत व्होल्टेज तयार होतं. फॅरडेचा नियम, बारावीचा फिजिक्सचा पेपर. तारेचा सूर लांबी, ताण आणि दर मीटरचं वजन यावर ठरतो. या सगळ्या समीकरणांत ‘उत्पादनाचं वर्ष’ नावाचा चल मला तरी कुठे सापडला नाही. लाकूड, पिकअपची जागा, वेढ्यांची संख्या यांनी फरक पडतो, नाही असं नाही. पण त्याच्या दसपट फरक तारा नव्या आहेत की जुन्या, बोटं कुठे पडतात आणि ॲम्प्लिफायर कुठला आहे, याने पडतो.

व्हायोलिनवाल्यांनी तर याची परीक्षाच घेतली. क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला २१ वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल चढवले आणि त्यांच्या हातात सहा व्हायोलिन दिली. तीन नवी, तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस, जिच्या नुसत्या नावाने लोक हात जोडतात. सगळ्यांत जास्त पसंती मिळाली ती एका नव्या व्हायोलिनला, आणि सगळ्यांत कमी एका स्ट्रॅडिव्हेरियसला. आपलं वाजवतोय ते जुनं की नवं, हेही बहुतेकांना ओळखता आलं नाही. तीनशे वर्षांच्या व्हायोलिनची ही कथा, तर पन्नास वर्षांच्या स्क्रू-नटाच्या बेसचं काय घेऊन बसलात!

मग किंमत चढते कशाने? इथे लिलाव नावाचं यंत्र समजून घ्यावं लागतं. समजा एका बेसची रास्त किंमत ४०० डॉलर आहे. दहा जण फोटो बघून अंदाज बांधतात. कुणाला ३०० वाटते, कुणाला ४००, एकाला ५२०, एकाला ५५०. सरासरी काढली तर अंदाज बरोबरच आहे. पण लिलाव सरासरीला विकत नाही. तो विकतो सगळ्यांत जास्त चुकलेल्या माणसाला, आणि किंमत ठरते त्याच्या खालोखाल चुकलेल्याच्या आकड्यावरून. बेस जाते ५२५ च्या आसपास, आणि स्क्रीनवर अभिनंदन झळकतं! उरलेल्या नऊ जणांनी ‘तेवढ्याला नको’ म्हटलेली वस्तू आपल्या गळ्यात पडलीय, एवढाच त्या अभिनंदनाचा अर्थ. याला विजेत्याचा शाप म्हणतात. तो पहिल्यांदा मांडला १९७१ मध्ये अटलांटिक रिचफिल्ड या तेल कंपनीतल्या कॅपेन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तिघा इंजिनीअरांनी. समुद्रातल्या तेलाच्या पट्ट्यांच्या लिलावात जिंकणाऱ्या कंपन्यांना पुढे हवा तसा नफा का होत नाही, हे ते शोधत होते. आपल्याच जातकुळीतली माणसं, निदान त्यांचं तरी ऐका.

त्यात घड्याळाची भर. ज्या साइटवर लिलाव ठरल्या सेकंदाला बंद होतो, तिथे शेवटच्या मिनिटाला बोल्यांची झुंबड उडते. एल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकेनफेल्स यांनी २००२ च्या निबंधात ईबेची तुलना तेव्हाच्या ॲमेझॉनच्या लिलावांशी केली. ॲमेझॉनवर उशिरा बोली आली की मुदत आपोआप वाढायची, तिथे ही झुंबड बरीच कमी होती. शेवटच्या तीस सेकंदांत माणूस किंमत ठरवत नसतो, समोरच्याला हरवत असतो. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण जर्नल ज्या मनःस्थितीत उतरवतो, त्या मनःस्थितीत वर्गणीचे पैसे खर्चू नयेत असं माझं नम्र मत आहे.

आपल्याकडच्या लिलावाशी ताडून बघा. लासलगावला कांद्याची ट्रॉली व्यापाऱ्यासमोर उभी असते. तो कांदा हातात घेतो, दाबून बघतो, मग बोलतो. तिथे माल समोर असतो आणि भाव चढत नाही, म्हणून शेतकरी रडतो. इथे माल सात समुद्रापार, समोर फक्त आठ फोटो, आणि भाव उतरत नाही. आपली बेस वाजवून बघण्याची सोयच नाही.

शिवाय सगळ्या बेस लिलावात नसतात, बऱ्याच ठरावीक भावाला मांडून ठेवलेल्या असतात. कुणीतरी स्वप्नातला आकडा टाकतो. बेस विकली जात नाही, महिनोन्‌महिने तशीच लटकलेली राहते. पण दुसरा विक्रेता तोच आकडा बघून आपला भाव ठरवतो, तिसरा त्या दोघांचा बघून. आपल्याकडचा विक्रेता त्याला डॉलरच्या दराने गुणून मोकळा होतो. गॅदरिंगला माइक स्पीकरसमोर धरला की जी शिट्टी वाजते ना, तेच हे. पॉझिटिव्ह फीडबॅक. मूळ आवाज कुणाचाच नाही, पण सगळा हॉल कानात बोटं घालून बसलाय. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झालेल्या विक्रीचे आकडे ईबेवर वेगळे बघता येतात. माझ्या रूममेटांनी दाखवलेल्या स्क्रीनवर सगळे मागितलेले भाव होते.

बरं, ती खरोखर सत्तरच्या दशकातली आहे कशावरून? १९९५ पासून खुद्द फेंडर कंपनी नवी गिटार मुद्दाम घासून-खरवडून जुनी करून विकते, राजरोस, ‘रेलिक’ या नावाने. कंपनी ते सांगून करते, सगळेच सांगतील असं नाही. आतला पॉट बघायला मागा. त्याच्या पाठीवर आकडे असतात. १३७ म्हणजे सीटीएसचा, ३०४ म्हणजे स्टॅकपोलचा, पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा. ३०४६५१२ असेल तर पॉट १९६५ च्या बाराव्या आठवड्यातला. त्यावरूनही एवढंच कळतं की पॉट त्या वर्षाचा आहे. पॉट बदलायला सोल्डरिंग आयर्न आणि दहा मिनिटं लागतात, हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना मी काय सांगू!

एक गोष्ट मान्यच करायला हवी. १९६५ च्या आधीच्या बेस मोजक्याच आहेत, नव्या होणार नाहीत, आणि स्वतःच्या पैशाने कुणी शौक करत असेल तर बोलणारे आपण कोण? रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमनची १९६९ ची मस्टँग बेस २०२० च्या लिलावात ३ लाख ८४ हजार डॉलरला गेली. ती किंमत वायमनची आहे, लाकडाची नव्हे, आणि घेणाऱ्यालाही ते ठाऊक आहे. माझा आक्षेप आहे तो त्या झगमगाटाच्या उजेडात आपली साधी जुनी बेस विकणाऱ्यांवर.

‘गुंतवणूक म्हणून तरी बघ,’ असाही एक मुद्दा आला. बघितलं. गुंतवणुकीची बेस वाजवली की भाव उतरतो. चरा पडला, पडदे झिजले, पॉट बदलला की गेले पैसे. म्हणजे ती केसमध्ये घालून पलंगाखाली ठेवायची. मग मंडळ वाजवणार काय, केस? वर कुरियर, कस्टम्स, कर. साठच्या दशकातल्या बेसच्या पाटीला ब्राझिलियन रोझवूड असलं तर आणखी भानगड, कारण त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक बंदी आहे आणि परवान्याशिवाय ते सीमा ओलांडत नाही. आणि एवढं करून आलेली बेस आपल्या होस्टेलच्या जुलै महिन्यात राहणार, जिथे भिंतींनासुद्धा बुरशी येते.

आता ज्यांच्या नावाने या बेस विकल्या जातात त्यांच्याकडे बघू. पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला हॉफ्नर बेस घेतली ती साधारण ३० पौंडांना, कारण फेंडर परवडत नव्हती. बीटल्सची सुरुवातीची गाणी त्या स्वस्त बेसवर वाजली आहेत. ती १९७२ मध्ये चोरीला गेली आणि २०२४ मध्ये त्याला परत मिळाल्याचं जाहीर झालं. ती अनमोल आहे, पण विकत घेतली तेव्हा नव्हती. जाको पास्टोरियसने तर आपल्या १९६२ च्या जॅझ बेसचे पडदे काढून टाकले आणि पाटीवर होडीला लावतात ते इपॉक्सी फासलं. आजच्या लिलावाच्या भाषेत सांगायचं तर ‘मूळ स्थितीत नाही, भाव कमी’. जगातली सगळ्यांत गाजलेली बेस बहुधा तीच.

म्हणून माझं म्हणणं असं. जुनी बेस जरूर घ्या, पाच-सहा वर्षं वापरलेली, याच शहरात, हातात घेऊन. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा वाजवून बघा, कुठे खरखर येते का. ट्रस रॉड फिरतो का बघा. पॉट फिरवताना करकर येते का ऐका. जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा घरून कागदावर लिहून न्या आणि कागद खजिनदाराच्या खिशात ठेवा. उरलेले पैसे ॲम्प्लिफायरला, कारण ४१ हर्ट्झ ऐकू यायचे तर भरपूर हवा हलवणारा मोठा स्पीकर लागतो. तो नसेल तर साठ सालची बेससुद्धा मोबाइलच्या रिंगटोनसारखीच वाजणार.

आणि एक कायमची सोय सुचवतो. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी जाताना आपली वाद्यं मंडळाला घसाऱ्याच्या भावाने विकतील असा नियम करू. आयकराच्या नियमात सर्वसाधारण यंत्राला वर्षाला १५ टक्के घसारा धरतात, तोच धरू. वीस हजारांची बेस वर्षाने सतरा हजार, दोन वर्षांनी चौदा हजार चारशे पन्नास, तीन वर्षांनी बारा हजार दोनशेच्या पुढे-मागे. बोली नाही, घड्याळ नाही, शाप नाही. विकणाऱ्याला घरी जायचं तिकीट सुटतं, घेणाऱ्या फर्स्ट इयरच्या पोराला वाजवायला वाद्य मिळतं.

दर मे महिन्यात आपल्या जिन्याखाली ड्राफ्टर, गाद्या, सायकली विकल्या जातात. तिथे टॉपरच्या नोट्सना जास्त भाव येतो, टॉपरच्या बादलीला येत नाही. ते बरोबरच आहे, नोट्समध्ये टॉपरची अक्कल असते, बादलीत फक्त पाणी राहतं. बेस ही बादली आहे, मित्रहो. नोट्स वाजवणाऱ्याच्या बोटांत असतात, आणि त्या लिलावात मिळत नाहीत. येत्या शनिवारी मंडळाची बैठक आहे, पटलं तर पहिल्या तटाला हात वर करा. नाही पटलं तर निदान माझ्या रूममेटांना सांगा, अबोला सोडा, मेसचं कार्ड तुमच्याकडे आहे.

— तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार